झबल्याच्या काठावरची अकरा फुलं

डोळा लागतो आहे हे मला कळतं आहे. कूलरचा आवाज आधी खोलीत असतो, मग थोडा लांब सरकतो, मग शेजारच्या घरातून येत असल्यासारखा वाटतो. भुसावळचा एप्रिल, दुपारचे अडीच. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी माझ्या पावलावर पडली आहे. मी दिवाणावर भिंतीला टेकून बसले आहे. मांडीवर बाळाचं पांढरं मलमलचं झबलं आहे आणि डाव्या हाताच्या चिमटीत गुलाबी दोरा ओवलेली सुई. झबल्याच्या खालच्या काठावर अकरा फुलं असायला हवीत. चारच आहेत. उरलेली सात मला पाच वाजायच्या आत भरायची आहेत. एका फुलाला बारा मिनिटं लागतात, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. वेळ पुरतो. पाच मिनिटं डोळे मिटले तरी पुरतो.

पाच वाजता नलूताई येणार आहेत. माझ्या प्रमिलाआत्याच्या क्लासमधली ही सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. आत्या जानेवारीत गेली. तिचा भरतकामाचा क्लास नलूताई उद्यापासून पुन्हा सुरू करताहेत, तिच्याच पुढच्या खोलीत, आणि भिंतीवर आत्याची कामं लावणार आहेत. प्रत्येक कामाखाली एक कार्ड. कार्डं लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मी एम.एस्सी. झाले आहे आणि माझं अक्षर बरं आहे. दहा कार्डं झाली. झबल्याचं राहिलं. त्यावर काय लिहायचं ते नलूताईंनी सकाळी फोनवर सांगितलं आहे: 'बाईंचं शेवटचं काम. हात थकल्यानंतरचं.'

"मुलींना कळू दे," त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या बाईंचाही हात एक दिवस सैल पडतो. त्यातूनही शिकता येतं."

मी 'हो' म्हणाले. मग फोन ठेवला आणि सुई शोधली. फुलं जागेवर असली की 'हात थकल्यानंतरचं' असं लिहायची गरजच उरणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. हात कुणाचा, हा प्रश्नही निघणार नाही.

उन्हाची पट्टी आता घोट्यावर आली आहे. मी सुईवर दोऱ्याचे वेढे घेते आहे.

"कितवा?" कुणीतरी विचारतं.

"पाचवा."

"सहावा. पहिला मोजायचा विसरतेस तू नेहमी."

"मी शून्यापासून मोजते, आत्या."

"शून्यापासून? दोरा सुईवर दिसतोय की डोळ्यांना! त्याला शून्य कसं म्हणायचं?"

ती समोर बसली आहे. दिवाणाच्या पलीकडे, तिच्या त्या बुटक्या स्टुलावर. फिकट निळी वॉयलची साडी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, पदरात खोचलेल्या दोन सुया. ती गेली आहे हे मला माहीत आहे. त्याचं आश्चर्य मात्र वाटत नाही, कुणी गावाला जाऊन परत आल्यासारखं वाटतं. फक्त तिचा उजवा हात मांडीवर अगदी स्थिर आहे. शेवटचं दीड वर्ष तो तसा कधीच नव्हता, चहाची बशी वाजायची.

"समोर का बसलीस?" मी विचारते.

"मग कुठे बसू? तू डावरी. शेजारी बसून शिकवलं तर तुझं सगळं उलटं होतं."

खरं आहे. बाकीच्या मुलींना ती शेजारी बसवून शिकवायची. मला एकटीला समोर, आरशात बघितल्यासारखं. तिचा उजवा हात तोच माझा डावा हात. मी आठ वर्षांची असल्यापासून आमच्या दोघींच्या मध्ये नेहमी एक कापड असायचं.

"गाठीचा टाका कर," ती म्हणते.

"आत्ता? मला फुलं भरायचीत."

"फुलाचं पोट गाठीच्या टाक्याचंच असतं. कर."

मी सुई खालून वर काढते. दोरा अंगठ्याखाली ताणून धरते, सुईला दोन वेढे देते आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी, एका धाग्याच्या अंतरावर, परत खाली घालते. त्याच भोकात घातली तर सगळा टाका कापडातून मागे निसटून जातो. अंगठा शेवटपर्यंत सोडायचा नाही. दोरा पूर्ण मागे ओढला जातो आणि वर मोहरीएवढा दाणा राहतो.

"ही खरं तर गाठच नाही," मी म्हणते. बोलायला सोपा विषय मिळाला की मी थांबत नाही. "गणितात गाठ म्हणजे जी टोकं ओढून सुटत नाही ती. ही सुटते. मागून दोरा उलटा काढला की वेढे उलगडतात आणि सरळ दोरा हातात येतो. बुलियनच्या टाक्याचंही तेच. सुईवर दहा वेढे घेतो, सुई ओढून काढतो, वेढे दोऱ्यावर राहतात. एकही गाठ नाही त्यात."

"मग टिकते कशी?"

मी पुढच्या दाण्यासाठी सुई वर काढते.

"अगं, शास्त्रज्ञ, विचारतेय. टिकते कशी?"

"मागचं टोक पक्कं केलेलं असतं म्हणून."

"हं," आत्या म्हणते आणि चष्मा डोळ्यांवर चढवते.

आम्ही क्लासमध्ये बसलो आहोत. खोली तिचीच आहे, पण मुली नाहीत. दाराबाहेर त्यांच्या चपला आहेत, बारा जोड, ओळीने. ओळीच्या शेवटी बाळाचे दोन मोजे आहेत, तेही चपलांसारखे व्यवस्थित काढून ठेवलेले. फळ्यावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: वेढे टाक्याच्या लांबीइतके. सुईचं नेढं सुईपेक्षा जाड नको. अंगठा.

नुसतंच 'अंगठा'. पुढे काही नाही.

"पुढचं वाक्य पुसलं गेलं," मी म्हणते.

"नाही. तेवढंच होतं."

मला खूप तहान लागली आहे. माठाकडे जाण्यासाठी मी उठते. माठाच्या जागी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचं बेसिन आहे, पांढऱ्या टाइल्सचं, कडेला पिवळे डाग पडलेलं. स्टँडला ब्युरेट लावली आहे. तिच्यातून थेंब पडायला हवेत, पण गुलाबी दोरा उतरतो आहे, सावकाश, आणि खालच्या काचपात्रात गुंडाळत जातो आहे. आत्या उंच स्टुलावर बसली आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. तिला ही खोली बघायची होती. दोनदा म्हणाली होती, एकदा ने मला, काय करतेस दिवसभर ते बघू दे. मी नेलं नव्हतं.

"छान आहे गं," ती म्हणते. "उजेड चांगला आहे. इथे बारीक काम करता येईल." मग काचपात्राशेजारची बाटली उचलते. "हे काय?"

पांढऱ्या गोंदाची बाटली आहे. तोंडाला वाळलेला थर, टोपण हरवलेलं. घरातल्या कपाटात असते तीच.

"गोंद आहे."

"ते दिसतंय. आत काय आहे?"

हे मला येतं. तोंडी परीक्षेत विचारल्यासारखी मी सांगायला लागते. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. पाण्यात त्याचे बारीक कण पसरलेले असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, पातळ पारदर्शक पापुद्रा तयार होतो. कागदाला, लाकडाला, सुती कापडाला चांगला धरतो.

"आणि कोमट पाण्यात?"

"मऊ होतो."

"हे तुला कधी कळलं?"

"बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला."

"म्हणजे आधी."

"हो. आधी."

ती बाटली खाली ठेवते. आवाज होत नाही. आता मला या खोलीतून जायचं आहे, पण दाराच्या जागी फक्त एक खिडकी आहे आणि तिच्यातून गेल्या वर्षीचा श्रावण दिसतो.

श्रावणात हे झबलं आलं. मोहिनी पाचपांडेच्या मुलाच्या बारशासाठी. बुलियनचे छोटे गुलाब, तीन वळ्यांची एक कळी, मध्ये गाठीच्या टाक्याचा दाणा. गळा आणि बाह्या आत्याने केल्या, अडीच आठवडे लागले. खालचा काठ उरला तेव्हा तिचा हात फारच कापायला लागला होता. मला म्हणाली, "रुचू, एवढी अकरा फुलं भरून दे. तुझे डोळे चांगले आहेत." मला दुसऱ्या दिवशी पुण्याला मुलाखतीला जायचं होतं. बॅग भरायची होती. वेढे मी नीट घेतले, फुलं वरून सुंदर दिसत होती. पण प्रत्येक फुलामागे दोऱ्याची दोन टोकं उरतात. ती मागच्या टाक्यांतून तीनदा घालून, उलटी फिरवून, पक्की करावी लागतात. अकरा फुलं, बावीस टोकं. रात्रीचे दहा वाजले होते. मी टोकं आखूड कापली आणि प्रत्येकावर गोंदाचा एक एक थेंब ठेवला. वाळल्यावर बोटाने ओढून पाहिलं, हललं नाही. कोरड्या कापडावर पाहिलं. ओल्या कापडावर पाहिलं नाही.

मला मुलाखतीत प्रयोगाच्या काळजीबद्दलच विचारलं होतं. मी छान उत्तर दिलं.

"मोहिनी आली," आत्या म्हणते.

आम्ही पाळण्याशी उभ्या आहोत. पाचपांड्यांच्या घरातला दिवाणखाना असावा, झिरमिळ्या, फुगे, वाट्यांत घुगऱ्या घेऊन बसलेल्या बायका. कुणी माझ्याकडे बघत नाही. पाळण्यात बाळ नाही. गुलाबी दोऱ्याची वळ्यावळ्यांची फुलं आहेत, अळ्यांसारखी वळलेली, ओलसर. मी एक उचलते. ते कोमट आहे.

"हे त्याच्या तोंडात सापडलं मला," मोहिनी म्हणते. तिचा आवाज येतो, ती दिसत नाही. "धुतल्यावर सुटायला लागली फुलं. सहा मी गोळा केली. सातवं त्याने चोखून काढलं होतं. गिळलं असतं म्हणजे, बाई?"

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. त्या दिवशी आत्याच्या क्लासमध्ये बारा मुली बसल्या होत्या, रिंगा हातात. मोहिनीने झबलं टेबलावर ठेवलं, कागदाच्या पुडीत सात फुलं. ती ओरडली नाही. मी आतल्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. आत्याने झबलं उलटं केलं. मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "माझं चुकलं, मोहिनी. हात राहिला नाही आता माझा."

मी ट्रे घेऊन आत गेले.

इतकंच केलं मी. आत गेले, कप परत किटलीत ओतले, आणि बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. दिवाळीपर्यंत सात मुलींनी क्लास सोडला. दिवाळीची सुट्टी दिली, त्यानंतर आत्याने क्लास पुन्हा सुरूच केला नाही. बाजारात कुणी भेटलं की म्हणायचं, अगं, बाईंचा हात गेला म्हणे. मी म्हणायचे, हो ना.

"तू पुण्याला जाणार होतीस," आत्या म्हणते. पाळणा ती हळू हलवते आहे. "नोकरीचं काय झालं?"

"झाली नाही."

"आणि मला वाटलं होतं, नक्की होईल."

"आत्या, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

माझं तोंड उघडतं. आत कापूस भरल्यासारखं वाटतं. मी म्हणते, "सुती धाग्याला पीळ असतो." मला हे म्हणायचं नव्हतं. पण तेच बाहेर येतं. "सहा पदर असतात आणि ते एका दिशेने पिळलेले असतात."

"असतात ना."

"त्याच दिशेला वेढे घेतले तर पीळ घट्ट राहतो. विरुद्ध दिशेला घेतले तर उकलतो. पदर सुटे दिसतात. बुलियन केसाळ दिसतं."

"म्हणूनच तुला सांगायचे, तू डावरी आहेस, तुझे वेढे आपोआप उलटे पडतात. मुद्दाम फिरवून घे. ऐकलंस कधी?"

"नाही."

"हे बघ," ती म्हणते.

तिच्या हातात झबलं आहे. ते मोठं होत जातं. आधी चादरीएवढं, मग अंगणाएवढं, आणि आम्ही त्याच्यावर चालतो आहोत. पायाखाली मलमल आहे, आडवे उभे धागे स्पष्ट दिसतात, त्यांच्यामधल्या फटींतून खालचा काळोख. गळ्याची फुलं टेकड्यांसारखी उभी आहेत. प्रत्येक वळी गुळगुळीत, घट्ट, दोरखंडासारखी, सगळ्या एका दिशेला वळलेल्या. आम्ही त्यांच्यामधून काठाकडे चालत जातो. आत्याला दम लागत नाही. मला लागतो. काठाशी चार फुलं उरली आहेत. त्यांचे वेढे दुसऱ्या दिशेला फिरले आहेत आणि त्यांचे पदर उकललेले आहेत, सुंभाची टोकं सुटावीत तसे.

इतकं मोठं झाल्यावर दोघींचे हात वेगळे ओळखायला शिकलेलं माणूस लागत नाही.

मी थांबते.

"त्या दिवशी," मी म्हणते, "झबलं उलटं करून तू एवढा वेळ काय बघत होतीस?"

"तुला काय वाटतं?"

"तुला कळलं होतं."

"वीस वर्षं तुझे उलटे वेढे बघतेय. चष्मा नसता तरी कळलं असतं."

ती हे रागाने म्हणत नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती खाली वाकून एका फुलाचा सुटलेला पदर बोटाने सारखा करते, लहान मुलाचे केस मागे सारावेत तसा.

"मग बोलली का नाहीस? तिथेच, सगळ्यांसमोर?"

"बारा पोरींसमोर तुझं नाव घेऊ? तुझ्या वयाच्या दोन होत्या त्यात."

"नंतर तरी. मला एकटीला."

"मी म्हटलं, येईल. आज येईल, उद्या येईल. चहा घेऊन येईल आणि सांगेल. तू चहा घेऊन यायचीस. साखर बरोबर असायची. बाकी काही नाही." ती उठते, गुडघ्यावर हात ठेवून, सवयीने. "दिवाळीला कंदील लावायला आलीस तेव्हा मला वाटलं, आता सांगणार. तू म्हणालीस, आत्या, वायर छोटी पडतेय."

आठवतं मला. वायर खरंच छोटी पडत होती.

स्वप्नातसुद्धा माझ्या डोक्याचा एक भाग नेहमीसारखा चालू असतो. तो म्हणतो: स्वप्नातल्या माणसाला तुला माहीत नाही असं काही माहीत असू शकत नाही. ती तुझ्याच डोक्यात आहे. म्हणजे तिला कळलं होतं हे तुला माहीत होतं. त्या दिवशीच, ट्रे धरून उभी होतीस तेव्हाच. तिने मागची बाजू बघितली, मग दाराकडे बघितलं, आणि मग 'माझं चुकलं' म्हणाली. मधलं ते दाराकडे बघणं तू विसरून गेली होतीस.

हो. दाराकडे बघितलं होतं तिने.

मला त्या धाग्यांमधल्या फटीतून खाली पडून जावंसं वाटतं. मी पाय सैल सोडते, पण मलमल मला धरून ठेवते.

"आत्या, ती अकरा फुलं मी गोंदाने चिकटवली होती."

शेवटी निघतं तोंडातून. मी समजत होते तेवढं मोठं वाक्य नाही. नऊ शब्दसुद्धा नाहीत.

"हं," आत्या म्हणते.

"रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"खूप. दोन दिवस जेवले नाही. मग जेवले. किती दिवस उपाशी राहणार?"

"मग आता?"

"आता काय? मेले मी." ती हसते. तिचं ते हसणं, खांदे हलतात आणि आवाज येत नाही. "आता मला सांगून काय मिळणार तुला? पुण्य?"

मलाही हसू येतं आणि त्याच क्षणी नाक चोंदतं. आम्ही दोघी पुन्हा दिवाणाशी आहोत. ती समोर, मी भिंतीला टेकून, मध्ये झबलं, आता लहान, बाळाच्या मापाचं. दहा कार्डं उशीपाशी रचून ठेवली आहेत. अकरावं कोरं आहे. ती ते उचलून उन्हात धरते.

"नलूला काय लिहून देणार आहेस?"

"बाईंचं शेवटचं काम."

"कुणाचं?"

मी रचलेली कार्डं उगाच सारखी करते.

"नलू चांगली पोरगी आहे," आत्या म्हणते. "पण भाबडी. माझी थोरवी सांगायला जाईल आणि पोरींना घाबरवून ठेवेल. वय झालं की हात सैल पडतो म्हणे! हात सैल नव्हता पडला माझा. कापत होता. कापणं वेगळं आणि सैल वेगळं. कापत्या हाताने गळ्याची सतरा फुलं भरली मी. एक हललं का?"

"नाही."

"धुतलं किती वेळा?"

"माहीत नाही."

"मोहिनीला विचार." मग माझ्या हातातल्या सुईकडे बघते. "आणि हे काय चाललंय?"

"गेलेली फुलं भरतेय. पाच वाजायच्या आत."

"कशाला?"

मी काहीतरी बरं उत्तर शोधते. नीट दिसावं म्हणून. तुझं नाव राहावं म्हणून. दोन्ही खोटं आहे हे मला बोलायच्या आधीच कळतं, आणि माझी मान आपोआप खाली जाते.

"दिसू नये म्हणून," मी म्हणते.

"हे बरोबर बोललीस." ती स्टूल जवळ ओढते. "आता सुई धरलीच आहेस तर एक तरी धड कर. वेढे फिरवून घे. तसे नाही, दुसरीकडून. अवघड वाटणारच. दहा. शून्यापासून नको मोजूस, माझ्यासारखं मोज."

एक, दोन, तीन. उलट्या बाजूने सुई अवघडते, बोटांना दिशा सापडत नाही. वीस वर्षांची सवय बोटांच्या पेरांत बसली आहे. चार, पाच. पदर मात्र मिटलेले राहतात. वेढे एकमेकांना चिकटून बसतात, मधे फट राहत नाही. तिचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आहे. तो कोरडा आहे, टोकाला सुईने पडलेला घट्टा आहे, आणि तो कापत नाही. नऊ, दहा.

"दाबून धर. आता ओढ सुई. सावकाश. अंगठा सोडू नकोस."

"सोडत नाहीये."

"आणि मागचं टोक?"

"करते ना पक्कं."

"कर. मी बघत नाही."

मी टोक मागे नेते, टाक्यांखालून घालते, एकदा, दोनदा, उलटी फिरते, तिसऱ्यांदा. सुई जरा जड जाते. मला वर बघायचं नाही. वर बघितलं तर ती नसेल हे मला माहीत आहे. कूलरचा आवाज शेजारच्या घरातून निघून अंगणात येतो, दारात येतो, खोलीत येतो.

"आत्या?"

"रुचिता! अगं रुचिता, झोपलीस का?"

दारावरची कडी वाजते आहे. हा आवाज नलूताईंचा आहे. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली आहे, पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. गाल उशीला नाही, भिंतीला चिकटला आहे. तोंड कोरडं पडलं आहे. माझ्या अंगठ्याच्या टोकावर एक खोल वळ आहे, सुईचं मागचं टोक बराच वेळ दाबून धरल्यावर उठतो तसा.

"आले," मी म्हणते आणि उठते.

झबलं माझ्याबरोबर उठतं.

मी खाली बघते. झबल्याच्या काठावर एक नवीन फूल आहे. ते झबल्यातून आरपार माझ्या कुर्त्यात शिवलं गेलं आहे. मांडीवर कापड घेऊन भरताना हे होतं. क्लासमधली प्रत्येक नवी मुलगी एकदा तरी आपलं काम स्वतःच्या फ्रॉकला शिवून ठेवते आणि उभी राहिली की सगळ्या हसतात. माझं वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मी ओढून बघते. फूल हलत नाही. कुर्त्याची आतली बाजू वर करून बघते, टोक तीनदा घालून पक्कं केलेलं आहे. कापल्याशिवाय सुटणार नाही.

मी झोपेत केलं असणार. बोटं सवयीने चालतात, हे शक्य आहे. फक्त ही माझ्या बोटांची सवय नाही.

कडी पुन्हा वाजते. मी कुर्त्याला लटकणारं झबलं एका हाताने पोटाशी धरते आणि दार उघडते.

नलूताई आत येतात. खांद्यावर मोठी पिशवी, कपाळावर घाम. "काय गं, हाका मारून घसा बसला माझा. कार्डं झाली?" मग त्यांची नजर खाली जाते. त्या आधी खो खो हसतात. "अगंबाई! या वयात? थांब, हलू नकोस, कात्री आहे माझ्याकडे. बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या!"

त्या पिशवीत हात घालून कात्री काढतात आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसतात. झबल्याचा काठ बोटांनी जरा वर उचलतात. मग हसणं थांबतं, कारण गळून गेलेल्या फुलाच्या जागी नवीन फूल आहे हे त्यांच्या लक्षात येतं.

"हे फूल कुणी भरलं? तू कशाला भरत होतीस?"

मला माहीत आहे की कात्री चालली, हे सुटलं, की मी सहज काहीतरी म्हणेन. मोकळी झाले की मला सुचतं. म्हणून मी त्यांचा कात्रीचा हात धरते.

"आधी ऐका, नलूताई. मग कापा."

"काय झालं?"

"काठावरची सगळी फुलं माझी होती. अकराच्या अकरा. बाईंची एकही नाही. मी टोकं पक्की केली नव्हती, गोंदाने चिकटवली होती."

त्या माझ्याकडे खालून वर बघतात. कात्री उघडीच आहे.

"आणि बाई म्हणाल्या ना, माझा हात..."

"बाईंना माहीत होतं."

नलूताई कात्री मिटून फरशीवर ठेवतात. मग झबल्याचा गळा हातात घेतात, त्यावरून अंगठा फिरवतात, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर, आणि मी त्यांच्यासमोर तशीच बांधलेली उभी राहते.